बांगडी फुटते तेव्हा काय वाढतं?

"डॉक्टरबाई, नमस्कार. मी नागपूरच्या मानेवाड्याची, वय ४१. झूऑलॉजी घेऊन बी.एस्सी. केलं, आता घरीच ट्यूशन घेते. मागच्या महिन्यात एका शिबिरात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करून घेतली. पॅप नॉर्मल आला, पण एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह. मोबाइलवर वाचलं तर 'हा विषाणू डीएनएत जोडला जातो आणि मग कॅन्सर होतो' असं दिसलं. त्या रात्रीपासून झोप नाही. माझ्या डीएनएत तो घुसला असेल का? ते कळायची टेस्ट आहे का? मुलगी १३ वर्षांची आहे, तिच्यात माझ्याकडून गेला असेल का? नवरा काही बोलत नाहीत, पण नजर बदलली आहे. सासूबाई म्हणतात, 'काहून वाट पाहून राहिली? पिशवीच काढून टाक, झंझट खतम. माझी नाही का काढली छत्तिसाव्या वर्षी?' काय करू?"

ताई, तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत, पण ज्याचं उत्तर सगळ्यात आधी द्यायला हवं तो विचारायचा राहिला: आता जायचं कुठे? कॉल्पोस्कोपीला. याच महिन्यात. पॅप, म्हणजे तिथल्या पेशी काचेवर पाहण्याची तपासणी, नॉर्मल असली तरी एचपीव्ही विषाणूचा १६ किंवा १८ नंबरचा प्रकार पॉझिटिव्ह आला, की पिशवीचं तोंड दुर्बिणीतून नीट पाहून घ्यायचं असतं. जोखमीच्या बाकी नंबरांना, पॅप चांगला असेल तर, बहुतेक ठिकाणी वर्षभरानं पुन्हा तपासणी चालवून घेतात. १६ला ती सवलत नाही. एवढं पक्कं करा, तारीख घ्या, आणि मग पुढचं सावकाश वाचा. घाई महिन्याची आहे, रात्रीची नाही. तेव्हा झोपा.

आता तुमच्या डीएनएबद्दल. तुम्ही झूऑलॉजी केलंय म्हणून मी जरा खोलात जाते. इतर वाचकांनी कंटाळा आला तर आठ परिच्छेद सोडून पुढे जावं, मी रागावणार नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट. पिशवीच्या तोंडाच्या पेशी काचेवर पाहण्यात माझी तीसहून जास्त वर्षं गेली. मी एमबीबीएसला होते तेव्हा तिथल्या कॅन्सरसाठी हर्पीसच्या विषाणूवर संशय घेणारी पानं पुस्तकांत अजून होती, आम्ही ती घोकलीही. तिकडे जर्मनीत हाराल्ड त्सूर हाउझेन मात्र चामखिळीच्या विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, मागे लागले होते. त्यांच्या गटाला १९८३ साली या गाठींमध्ये एचपीव्ही १६ सापडला, पुढच्या वर्षी १८ सापडला. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. या दोन नंबरांच्या खात्यावर आज जगातले सुमारे ७० टक्के असे कॅन्सर जमा आहेत.

या विषाणूचा डीएनए म्हणजे एक बांगडी आहे असं समजा. सुमारे ८,००० अक्षरांची, बंद, गोल. आपल्या डीएनएची अक्षरं ३०० कोटींच्या घरात, त्यापुढे ही अगदीच चिमुकली. पिशवीच्या तोंडाशी आतलं नाजूक अस्तर आणि बाहेरचं जाड अस्तर जिथे एकमेकांना भेटतात, तिथे बारीकसं खरचटलं की विषाणू सगळ्यात खालच्या थरातल्या पेशीत शिरतो. आत गेल्यावर बांगडी केंद्रकात सुटीच राहते. तुमच्या डीएनएच्या शेजारी राहते, पण त्याला जोडलेली नसते. घर तुमचं, ती भाडेकरू. पेशी दुभंगली की बांगड्याही वाटल्या जातात. पेशी वर सरकत सरकत पिकली की तिच्यात नवे विषाणू तयार होतात आणि झडणाऱ्या पेशीबरोबर बाहेर पडतात. विषाणूचा सगळा संसार असा भाड्याच्या खोलीतच होतो. घराच्या सातबाऱ्यावर नाव चढवायची त्याला गरज नसते. एचआयव्हीची गोष्ट वेगळी, त्याला स्वतःला आपल्या डीएनएत शिवून घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. एचपीव्हीचं जोडलं जाणं हा अपघात आहे. आणि विषाणूच्या बाजूनं पाहिलं तर त्यात त्याचा वंशच बुडतो, कारण फुटून जोडल्या गेलेल्या बांगडीतून नवा विषाणू बनत नाही.

मोबाइलवर तुम्ही जे वाचलंत त्यात नेमकं हेच गाळलेलं असतं. विषाणू आला म्हणजे डीएनएत घुसला, असं नाही.

मग अपघात होतो तेव्हा काय होतं? बांगडीवरची तीन जनुकं लक्षात ठेवा: ई६, ई७ आणि ई२. आपल्या पेशीत पी५३ नावाचं एक प्रथिन चौकीदारी करतं. डीएनए बिघडला की ते पेशीला थांबवतं, आणि दुरुस्ती जमलीच नाही तर तिला मरायला लावतं. दुसरं प्रथिन आरबी, ते फाटक सांभाळतं. वाढायची वेळ नसेल तर फाटक बंद. विषाणूचं ई६ चौकीदाराचा काटा काढतं आणि ई७ फाटक उघडं धरून ठेवतं. विषाणूला त्या पेशीची यंत्रं चालू हवी असतात, म्हणून हा उद्योग. पण बांगडी शाबूत आहे तोवर या दोघांना लगाम असतो, आणि तो लगाम म्हणजे ई२. त्यामुळे ते कामापुरतंच बोलतात.

पेशीचा डीएनए अधूनमधून तुटतच असतो आणि दुरुस्ती करणारी प्रथिनं टोकाला टोक जोडत असतात. चौकीदार नसलेल्या घरात तुटणं वाढतं. अशा गडबडीत कधी बांगडीही फुटते आणि तिचा तुकडा चुकून मोठ्या डीएनएत सांधला जातो. आता बांगडी कुठेही फुटू शकते. ती ई६-ई७ मध्येच फुटली तर ती पेशी कुणाच्या लक्षातही येत नाही. ई२ च्या जागी फुटली, तर लगाम गेला आणि ई६-ई७ मात्र धडधाकट राहिले. अशी पेशी शेजारणींपेक्षा जोरात वाढते, तिच्या लेकी आणखी जोरात वाढतात. म्हणून आम्हाला गाठीत सहसा ई१-ई२ च्या आसपासच फुटलेल्या बांगड्या दिसतात. विषाणू जागा निवडत नाही. शर्यत जिंकलेल्या पेशीच तेवढ्या आमच्या काचेपर्यंत पोहोचतात.

आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. माझी आई तर हटकायचीच. हा विषय शिकवताना मला दर वेळी ते आठवायचं, कारण इथे बांगडी फुटते आणि खरोखरच वाढ होते.

एक उदाहरण तुम्हाला माहीत असेल. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या पिशवीच्या तोंडाच्या गाठीतून, त्यांना न विचारता, पेशी घेतल्या गेल्या. त्याच 'हीला' पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्यांच्यात एचपीव्ही १८ची फुटकी बांगडी आठव्या गुणसूत्रावर, मिक नावाच्या वाढीच्या जनुकाच्या शेजारी सांधलेली आहे. प्रयोगशाळेत या पेशींना ई२ परत देऊन पाहिलं, तर इतकी वर्षं न थकता वाढणाऱ्या पेशी थांबल्या, म्हाताऱ्या झाल्या. लगाम म्हणजे काय, हे मला या एका प्रयोगानं जितकं कळलं तितकं दहा व्याख्यानांनी कळलं नव्हतं.

पण बांगडी फुटली की कॅन्सर झालाच, आणि न फुटली तर नाहीच, इतकं हे सरळ नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम ॲटलास या मोठ्या प्रकल्पाचे या कॅन्सरवरचे निष्कर्ष आले. त्यात १८ नंबरच्या सगळ्या गाठींमध्ये विषाणू डीएनएत जोडलेला होता, तर १६ नंबरच्या गाठींपैकी ७६ टक्क्यांत. म्हणजे १६च्या साधारण चौथा हिस्सा गाठी जोडणी न होताच बनल्या. बांगडी शाबूत राहूनही लगाम निकामी होऊ शकतो. ई२ ज्या जागी बसून काम करतं, तिथे रासायनिक टोप्या चढल्या की त्याला बसताच येत नाही. उलट बाजूनं, जोडणी झालेल्या पेशी कधी कधी सुरुवातीच्या बारीक बदलांतही सापडतात आणि त्यांतल्या सगळ्या काही कॅन्सरपर्यंत जात नाहीत. बदल जितका गंभीर, तितकी जोडणी जास्त सापडते, इतकं मात्र खरं.

म्हणूनच 'घुसला का ते कळायची टेस्ट' हवी का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर नको असं आहे. अशा तपासण्या संशोधनात होतात. तुमचा पुढचा निर्णय त्यावर ठरत नाही, तपासणीच्या कुठल्याही मान्य पद्धतीत ती पायरी नाही, आणि कुणी ती विकायला आलं तर पैसे पर्समध्येच राहू द्या. तुमचा रिपोर्ट एवढंच सांगतो की विषाणूचा डीएनए तिथे आहे. बांगडी अखंड की फुटकी, हे तो सांगत नाही. त्याचा परिणाम मात्र पाहता येतो, आणि तोच पाहायचा आहे. बायोप्सीचा तुकडा माझ्यासारखीकडे आला आणि शंका असली, तर आम्ही पी१६ नावाचा रंग लावतो. ई७ नं फाटक उघडं धरलं की पेशीत पी१६ साठत जातं, आणि काचेवर तो भाग गडद तपकिरी दिसतो. फुटकी बांगडी दिसत नाही, पण तिचा गोंधळ दिसतो.

आता वेळेचं गणित, कारण तुमची झोप त्यानं उडवली आहे. एचपीव्ही संसर्ग झालेल्या दहांपैकी नऊ जणींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत दिसेनासा होतो. औषधानं नाही, स्वतःच्या प्रतिकारशक्तीनं. तो ज्यांच्यात ठाण मांडतो, त्यांच्यातही संसर्गापासून कॅन्सरपर्यंत सहसा १५ ते २० वर्षं जातात. प्रतिकारशक्ती दुबळी असेल, उदाहरणार्थ उपचार न घेतलेला एचआयव्ही असेल, तर हा काळ खूप कमी होतो. मधल्या काळात पेशी पायऱ्या चढतात, त्यांना सीआयएन १, २, ३ म्हणतात. पहिली बहुतेकदा आपोआप उतरते. तिसरीला मात्र हात लावायचाच. न्यूझीलंडमध्ये एका रुग्णालयात गेल्या शतकात काही बायांना सीआयएन ३ असूनही उपचार न देता नुसतं पाहत राहिले. फार वाईट प्रकरण होतं ते, पुढे त्याची चौकशी झाली. त्या बायांपैकी सुमारे ३१ टक्के जणींना ३० वर्षांत कॅन्सर झाला. ज्यांचे उपचार नीट झाले त्यांच्यात हेच प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. तिसऱ्या पायरीवरूनही परत फिरता येतं, ते असं.

कॉल्पोस्कोपीत घाबरण्यासारखं काही नाही. नाव मोठं, पण दुर्बीण आत जात नाही, बाहेरच राहते. तोंडावर सौम्य ॲसेटिक ॲसिड लावतात, म्हणजे व्हिनेगरचा भाऊच. बिघडलेल्या पेशींचा भाग मिनिटाभरात पांढरा पडतो. मग आयोडीन लावून पाहतात. काही दिसलं तर तिथला मोहरीएवढा तुकडा घेतात. थोडी कळ येते, एक-दोन दिवस डाग लागतात. तुकड्यात मोठा बदल निघाला, तर तेवढाच भाग उष्णतेनं जाळतात किंवा तारेच्या लूपनं काढतात. पिशवी जागच्या जागी राहते आणि बाई बहुधा त्याच दिवशी घरी येते.

आता सासूबाई. त्यांच्या सांगण्यात माया आहे, पण सल्ला चुकीचा आहे, आणि आपल्याकडे तो इतका सहज दिला जातो की मला राग येतो. अंगावरून पांढरं जातं, काढा पिशवी. पाळी जास्त जाते, काढा पिशवी. एचपीव्ही पॉझिटिव्ह हे पिशवी काढायचं कारण नाही. विषाणू नुसत्या पिशवीत नसतो, योनीच्या अस्तरातही असू शकतो, त्यामुळे पिशवी गेली तरी तो राहू शकतो. आणि याहून मोठा धोका वेगळाच आहे. न तपासता पिशवी काढली आणि आत लपलेला कॅन्सर निघाला, तर ते ऑपरेशन अपुरं ठरतं. कॅन्सरसाठीची शस्त्रक्रिया वेगळी आणि मोठी असते, किंवा रेडिएशन लागतं, आणि अर्धवट ऑपरेशननंतर ते सगळं अवघड होऊन बसतं. असे तुकडे माझ्या टेबलावर आले आहेत. बाईचं नाव वाचायचं, वय वाचायचं, आणि रिपोर्ट लिहायचा. ती दुपार वाईट जाते. त्यातून पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर चाळिशीतच रजोनिवृत्ती, हाडं ठिसूळ. तेव्हा आधी तपासणी, मग तुकडा, मग निर्णय. हा क्रम कुणीही बदलायला सांगितला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

नवऱ्याच्या नजरेबद्दल. त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या. दादा, हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, आणि संबंध असलेल्या बहुतेक सगळ्याच बाया-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी भेटतो. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, म्हणून आज सापडला म्हणजे आज आला असं होत नाही. कधी आला आणि कुणाकडून आला, हे सांगणारी तपासणी जगात नाही. पुरुषांना बहुधा काहीच लक्षण नसतं, त्यामुळे तो तुमच्याकडूनही आला असेल, लग्नाच्या पहिल्या वर्षीच आला असेल. या रिपोर्टावरून बायकोच्या चारित्र्याचं काहीही ठरत नाही. कॉल्पोस्कोपीच्या दिवशी सुट्टी घ्या आणि गाडी चालवा.

मुलीकडे तो डीएनएतून गेलेला नाही. जोडणी झालीच तरी ती पिशवीच्या तोंडाच्या पेशींत होते, बीजांडांत नाही. हे तुम्ही स्वतःच ट्यूशनच्या मुलांना सांगू शकाल: कायिक पेशीतला बदल वारसानं जात नाही. मुलीसाठी करायचं काम दुसरंच आहे, लस. नऊ ते चौदा हे त्याचं उत्तम वय, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे, पण फार नाही. या वयात सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस देतात, पंधराच्या पुढे तीन. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली एका डोसलाही मान्यता दिली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक २०२३ पासून आपल्याकडे आहे, ती ६, ११, १६ आणि १८ या चार नंबरांवर काम करते. आधीच्याही परदेशी लसी आहेत. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. लस घेतली म्हणून तिशीनंतरची तपासणी सुटत नाही, हे तिला मोठेपणी सांगा. तुम्ही स्वतः लस घेतली तर आत असलेला विषाणू जाणार नाही, त्या आशेवर राहू नका.

आणि रिपोर्टला शिव्या घालू नका. तो तुमच्या बाजूचा आहे. आपल्याच राज्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायांना घेऊन एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय त्यात होतं. २००९ साली त्याचे निष्कर्ष छापून आले, आणि जगभरची धोरणं ठरवताना त्यांचा दाखला दिला गेला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. पॅप किंवा नुसत्या ॲसेटिक ॲसिडच्या तपासणीनं त्या अभ्यासात तेवढा फरक पडला नाही. तुम्ही शिबिरात जी चाचणी करून आलात, ती हीच.

तारखेचं सांगते. तुमच्या मानेवाडा रस्त्यावरच तुकडोजी पुतळ्याजवळ राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, ते तुम्हाला सगळ्यात जवळ. नाहीतर मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मेयो रुग्णालय, मिहानमधलं एम्स किंवा जामठ्याचं कॅन्सर हॉस्पिटल. कुठेही जा, पण आधी फोन करून कॉल्पोस्कोपी कोणत्या वारी असते ते विचारा, म्हणजे हेलपाटा होणार नाही. पाळी संपल्यावरचा आठवडा धरा. आधीचे दोन दिवस संबंध नको, आत ठेवायच्या गोळ्या किंवा क्रीम नको. शिबिराचा मूळ रिपोर्ट न्या, मोबाइलमधला फोटो नको, त्यात नंबर नीट दिसत नाही. मधल्या दिवसांत संबंधानंतर रक्त गेलं, किंवा घाण वासाचं पाणी जायला लागलं, तर तारखेची वाट पाहू नका.

आणि एक काम सासूबाईंचं. त्यांची पिशवी छत्तिसाव्या वर्षी काढली म्हणता. काही ऑपरेशनांत पिशवी काढतात आणि तिचं तोंड तसंच ठेवतात, आणि तोंड असेल तर हा कॅन्सर होऊ शकतो. कपाटात जुनी फाइल असेल तर त्यात काय लिहिलंय ते तुम्हीच वाचून पाहा. फाइल सापडली नाही, तर त्या दिवशी त्यांनाही गाडीत घ्या. तोंड आहे की नाही, हे डॉक्टर दोन मिनिटांत पाहून सांगतील.